किटली चौकटीबाहेर

बाळ नऊ दिवसांचं असताना
पेपरातून कॅलम नावाचा पोरगा आला.
बूट दाराशी काढायला लावले, मोज्याला भोक,
लाजला, मग जरा माणसात आला.

"भीती नाही वाटली?"
वाटली ना, म्हटलं, पार्किंगची.
वल्लरीच्या वेळी हर्षद हॉस्पिटलच्या आवारात
सुटी नाणी शोधत होता
आणि मी दिव्याच्या खांबाला धरून कळा मोजत होते.
हे त्याने लिहून घेतलं नाही.

पुन्हा विचारलं तेव्हा खरं सांगितलं.
पहाटे तीनला ग्लेनिस जिन्यात उभी राहून
फोनवर कुणाला तरी माझे आकडे सांगत होती,
फार हळू, फार नीट.
सुईण अशी जपून बोलायला लागली
की पोटात वेगळाच गोळा येतो.
मग आत येऊन म्हणाली, सगळं ठीक, चहा करू का?
हेही नाही लिहिलं.

हॅलिफॅक्समधला आमचा रस्ता म्हणजे उभा चढ.
डोरीन कुंपणापलीकडून महिनाभर विचारायची,
बर्फ पडला तर अँब्युलन्स चढेल का गं?
तिची स्वतःची तिन्ही याच भिंतीपलीकडे झाली,
तेव्हा त्याला धाडस म्हणत नसत, मंगळवार म्हणत.
पण आता रोज रात्री ती टीव्हीसमोर बसते,
तिथे प्रत्येक बाई किंचाळते,
प्रत्येक दार धाडकन उघडतं,
आणि कुणीतरी ओरडतं, वेळ नाहीये!
आमच्याकडे वेळच वेळ होता.
ग्लेनिसने अर्धा पायमोजा विणला.

जतहून आई म्हणाली,
शेवंतामावशी घरीच अडली, घरीच गेली.
आम्ही दवाखान्यासाठी तालुक्याला खेटे घातले,
आणि तू दारातला दवाखाना सोडून?
मी सांगितलं : दोन सुइणी, ऑक्सिजनची नळकांडी,
हॉस्पिटल सतरा मिनिटांवर, कागदावर लिहिलेलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, सतरा मिनिटं.
मावशीला मिळाली असती तर.
यावर मला काही सुचलं नाही,
अजूनही नाही.

फोटोसाठी कॅलमने किटली बाजूला केली,
प्लास्टिकची चादर सोफ्यामागे ढकलली,
आणि विचारलं, मेणबत्ती असेल का?
वीज गेली तर म्हणून ठेवलेली एक होती.
सकाळी अकराला आम्ही ती लावली.

'निर्भय माता', छापून आलं.
शाळेच्या फाटकाशी एकीने माझा कोपर दाबला,
जणू मी डोंगर चढून आलेय.
दुसरीने बाबागाडी पलीकडच्या फुटपाथवर नेली.
औषधाच्या दुकानात एक आजोबा मोठ्याने कुणालाच म्हणाले,
काही जणांना फुकटचं मिळालेलं कळत नाही.
माझ्या हातात टाके भरायची मलमाची ट्यूब.

चढावर वरच्या घरी बेथन राहते.
तिचंही घरीच ठरलं होतं,
सगळं तेच, तोच फुगवायचा हौद.
पहाटे ठोके मंदावले, तिला नेलं.
अँब्युलन्स चढली, उतरली, मुलगी गुटगुटीत.
तिच्याकडे कुणी फोटोला आलं नाही.
मी शिरा घेऊन गेले तर डोळे पुसत म्हणते,
मला नाही जमलं.
कुठे शिकली ती हे वाक्य?
मी म्हटलं, आमच्याकडे एवढंच विचारतात : सुटली का?
कुठे, कशी, ते मागाहून, सवडीने.
तिने म्हणून पाहिलं : सुत्ली.
म्हटलं, हो. सुटलीस.

रविवारी आईने चष्मा लावून फोटो पाहिला.
मथळा तिला वाचता येत नाही.
बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवलं,
मग बोट फोनवर टेकवून म्हणाली,
खिडकीतून एवढा उजेड येतोय,
मेणबत्ती कशाला?
आणि तुझ्यामागे रोज दिसते ती किटली कुठाय?